गुडघा, क्रेप बँडेज आणि मी

मराठी विभागासाठी लेख दे, असं संपादक मंडळातल्या मैत्रिणीने सांगितलं तेव्हा मला आधी हसूच आलं. नर्सरीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मुलगी मी. आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत मराठी बोलताना सापडलं की दंड असायचा. भाजीवाल्या मावशींनी 'एकोणसाठ रुपये झाले' म्हटलं की मी अजूनही सरळ शंभराची नोट पुढे करते आणि सुट्टे देतील तेवढे घेते! तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका वाचकांनी पोटात घालाव्यात, ही आधीच विनंती.

तरीही मराठीत लिहितेय, कारण ही गोष्ट माझी एकटीची नाही. ती माझ्या रूमपार्टनरची जास्त आहे. तिची परवानगी घेऊनच लिहितेय. तिच्या अटी दोन होत्या. एक, मराठीत लिहायचं. दोन, नाव घालायचं नाही. म्हणून तिला इथे 'खोखो' म्हणते. टीममध्ये सगळ्या जणी तिला तेच म्हणतात.

खोखो सांगली जिल्ह्यातली. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली आणि बारावीपर्यंत खो-खो खेळली. बास्केटबॉल हातात धरला तो इथे आल्यावर. मी मात्र पाचवीपासून बास्केटबॉल खेळलेली. आमच्या मुलींच्या टीममध्ये जेमतेम आठ जणी, त्यात आधी खेळलेल्या दोघीच. त्यामुळे सेकंड इयरलाच माझ्या गळ्यात कॅप्टनशिप पडली. खोखोला ड्रिबलिंग धड येत नव्हतं, पण तिची उडी! खांबाला सूर मारणारी मुलगी ती, रिबाऊंडला सगळ्यांच्या डोक्यावरून बॉल काढायची. गेल्या वर्षी झोनलच्या सेमीफायनलपर्यंत आम्ही पोहोचलो त्यात निम्मा वाटा तिचा होता.

सेमीफायनलच्या आदल्या दिवशीच्या मॅचमध्ये तिचा उजवा गुडघा थोडा मुरगळला. रात्री बघितला तर सुजलेला. मेसच्या काकूंकडून बर्फ आणला, शेकला. दिवा घालवायच्या आधी ती म्हणाली, "उद्या मी बाहेर बसू का गं?"

मी काय उत्तर दिलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. म्हटलं, "अगं, कुंबळे जबडा बांधून बॉलिंगला आला होता. तुझा तर नुसता गुडघा आहे!" 2002 साली अँटिग्वाच्या टेस्टमध्ये मोडलेल्या जबड्याला पट्टी बांधून अनिल कुंबळेने चौदा ओव्हर टाकल्या आणि लाराची विकेट काढली, ही गोष्ट मी बाबांकडून शंभर वेळा ऐकलेली. आम्ही तेव्हा जन्मलोही नव्हतो, पण ती गोष्ट आमच्या घरात रामायणासारखी सांगितली जाते. खोखो हसली. सकाळी मी माझ्या हाताने तिच्या गुडघ्याला क्रेप बँडेज बांधलं. अगदी घट्ट. वर स्प्रे मारला आणि म्हटलं, "चल, काही होत नाही."

तिसऱ्या क्वार्टरमध्ये ती रिबाऊंडला उडाली. बॉल तिच्या हातात आला. ती उजव्या पायावर खाली आली. तिच्या आसपास कुणीही नव्हतं, कुणी धक्का दिला नाही, कुणी पाय घातला नाही. फक्त गुडघा आत वळला आणि 'टक्' असा आवाज झाला. वाळकी काटकी मोडावी तसा. तो आवाज बेंचवर बसलेल्या पोरींनाही ऐकू आला. मग तिची किंकाळी.

मॅच आम्ही हरलो. ते आता कुणाच्या लक्षातही नाही.

एम.आर.आय. झाला. ए.सी.एल. पूर्ण तुटलं होतं. गुडघ्याच्या मधोमध मांडीच्या हाडाला नडगीच्या हाडाशी तिरकं जोडणारी ही एक दोरी, साधारण तीन सेंटिमीटर लांब. एकदा पूर्ण तुटली की सहसा आपली आपण नीट जुळत नाही. खोखोला पुन्हा खेळायचं होतं, म्हणून ऑपरेशन ठरलं. तिचे बाबा गावाहून रात्रीच्या एस.टी.ने आले. खर्चाचा आकडा ऐकून ते काही बोलले नाहीत, फक्त खिशातला रुमाल काढून तोंड पुसलं. मी त्यांच्या शेजारी उभी होते. बँडेज मी बांधलं होतं हे त्यांना माहीत नव्हतं. उलट तेच मला म्हणाले, "बाळ, तू होतीस म्हणून बरं झालं." मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "तुम्ही मुली खेळायच्या आधी वॉर्मअप काय करता?" मी अभिमानाने सांगितलं, "ग्राउंडला दोन राऊंड आणि वाकून पायाचे अंगठे धरतो, सर." ते नुसते हसले. ते हसू मला झोपू देईना.

यावर्षी टी.ई.ला सेमिनारचा विषय निवडायचा होता. सगळ्या मेकॅनिकलवाल्यांनी कंपोझिट, रोबोट, इलेक्ट्रिक गाड्या घेतल्या. मी विषय दिला 'खेळाडूंच्या गुडघ्याच्या दुखापती आणि त्या टाळण्याचे उपाय'. गाईड सर म्हणाले, "हे मेडिकलवाल्यांचं काम आहे, तुझं काय इथे?" म्हटलं, "सर, गुडघा म्हणजे जॉईंट, लिगामेंट म्हणजे टेन्शन मेंबर. तरुण माणसाचं ए.सी.एल. लॅबमध्ये ताणून बघितलं तर सरासरी 2160 न्यूटनला तुटतं, असं 1991 सालच्या पेपरमध्ये आहे." न्यूटन हा शब्द ऐकल्यावर सरांनी सही केली!

मित्रांनो, आता थोडं सेमिनारमधलं सांगते. कंटाळा येणार नाही, कारण हे तुमच्याही गुडघ्याबद्दल आहे.

दुखापत म्हणजे नशीब, असं आपण समजतो. 'लागायचं होतं, लागलं.' पण या विषयात काम करणाऱ्यांनी 1992 सालीच एक साधी चार पायऱ्यांची पद्धत मांडली होती. विलेम फान मेखेलेन या डच संशोधकाचं नाव त्याला जोडलेलं आहे. पहिली पायरी, किती जणांना, काय आणि कितपत लागतंय ते मोजा. दुसरी, का लागतंय ते शोधा. तिसरी, उपाय करा. चौथी, पुन्हा पहिल्यासारखं मोजा आणि फरक पडला का ते बघा. आपल्या कंट्रोल सिस्टिमच्या पुस्तकातला फीडबॅक लूपच की हा! फक्त आपण कॉलेजच्या टीममध्ये पहिली पायरीसुद्धा चढत नाही. गेल्या पाच वर्षांत आपल्या किती खेळाडूंचे गुडघे गेले, याची जिमखान्यात एक वहीसुद्धा नाही. मी जाऊन विचारून आलेय.

दुसरी पायरी सगळ्यात चक्रावून टाकणारी. नॉर्वेमध्ये मुली हँडबॉल खूप खेळतात आणि तिथे मुलींची ए.सी.एल. फार तुटत होती. ऑस्लोला 2000 साली याच कामासाठी एक संशोधन केंद्र सुरू झालं, ऑस्लो स्पोर्ट्स ट्रॉमा रिसर्च सेंटर. तिथल्या लोकांनी हँडबॉल आणि बास्केटबॉलच्या मॅचेसचे, प्रत्यक्ष लिगामेंट तुटतानाचे दहा व्हिडिओ घेतले आणि फ्रेमवर फ्रेम बसवून गुडघ्याची हालचाल मोजली. 2010 साली ते छापून आलं. पाय जमिनीला टेकल्यापासून साधारण 40 मिलिसेकंदांच्या आसपास गुडघा आत वळून दोरी तुटत असावी, असा निष्कर्ष.

40 मिलिसेकंद! डोळ्याची पापणी मिटायलाही याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे पाय टेकल्यावर 'अरे, गुडघा आत चालला, सावर' असा निरोप मेंदूकडे जाऊन परत यायला वेळच नाही. इथे फीडबॅक चालतच नाही. पाय टेकायच्या आधीच स्नायू तयार हवेत. आणि ते तयार करायचं काम मॅचमध्ये होत नाही, रोजच्या सरावात होतं. उडी मारून दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवून उतरायचं, हे शंभर वेळा घोटून घ्यायचं. आमच्या संपूर्ण टीमला उडायचं कसं हे शिकवलं होतं, उतरायचं कसं हे कुणीच शिकवलं नव्हतं.

बास्केटबॉलमध्ये मुलींची ए.सी.एल. तुटण्याचं प्रमाण मुलांच्या सुमारे तिप्पट आहे. हाडांची ठेवण, हार्मोन अशी कारणं सांगतात, ती काही आपण बदलू शकत नाही. पण मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद आणि उतरण्याची सवय बदलता येते.

आता तिसरी आणि चौथी पायरी. 2005 सालचा नॉर्वेचा अभ्यास. 120 हँडबॉल क्लब, 15 ते 17 वर्षांची 1837 मुलं-मुली. चिठ्ठ्या टाकल्यासारखे क्लब दोन गटांत वाटले. एका गटाला पळणं, तोल सांभाळणं, उडी मारून नीट उतरणं आणि ताकदीचे व्यायाम असलेला वॉर्मअप दिला, दुसरा गट नेहमीसारखा खेळत राहिला. आठ महिन्यांच्या सीझनमध्ये गुडघ्याच्या आणि घोट्याच्या अचानक झालेल्या दुखापती साध्या गटात 81, वॉर्मअपवाल्या गटात 48. आणि वॉर्मअपवाल्या गटात खेळाडू उलट जास्त होते! 2008 साली फुटबॉल खेळणाऱ्या 13 ते 17 वर्षांच्या 1892 मुलींवर असाच अभ्यास झाला. तिथे एकूण दुखापतींचा धोका सुमारे एक तृतीयांशाने आणि गंभीर दुखापतींचा जवळजवळ निम्म्याने कमी झाला. पुढे असंही दिसलं की ज्यांनी नेमाने केलं त्यांनाच खरा फायदा. अभ्यासाचं पुस्तक उशाखाली ठेवून पेपर सुटत नाही, तसंच हे!

'हे फुटबॉल-हँडबॉलचं झालं, बास्केटबॉलचं काय?' असं सरांनी सेमिनारमध्ये विचारलंच. तर शिकागोच्या सरकारी शाळांमध्ये मुलींच्या फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या कोचना असा वॉर्मअप शिकवला, त्याचा अभ्यास 2011 साली आला. तिथेही पायाच्या दुखापती घटल्या. त्या गरीब वस्तीतल्या शाळा होत्या, कुणी परदेशी ट्रेनर नव्हता. फुटबॉलवाल्यांच्या त्या वॉर्मअपला साहित्य काय लागतं? एक बॉल. वेळ किती? वीस मिनिटं. पैसे? शून्य. माझ्या डोळ्यासमोर रुमालाने तोंड पुसणारे काका आले.

सुजलेल्या गुडघ्यावर खेळवलं म्हणूनच तिचं लिगामेंट तुटलं का? हे मी डॉक्टरांना घाबरत घाबरत विचारलं. ते म्हणाले, एकट्या माणसाच्या बाबतीत असं छातीठोक सांगता येत नाही. हजार जणींचा हिशेब मांडता येतो, एकीचा नाही. पण गुडघ्याला सूज आली की मांडीचा पुढचा स्नायू नीट काम करत नाही, एवढं पक्कं आहे. मी हे उत्तर किती रात्री उलटंसुलटं करून बघितलं. त्यात मला सोडवणारंही काही नाही आणि पुरतं अडकवणारंही नाही. आहे ते तसंच घेऊन चालायचं.

इथपर्यंत सगळं गुडघ्याचं झालं. पण खरी गोष्ट इथून पुढे आहे.

ऑपरेशननंतर खोखो होस्टेलला परत आली. रेक्टर मॅडमनी आम्हाला तळमजल्यावरची खोली दिली. पोरी डबा आणून द्यायच्या, जर्नल लिहून द्यायच्या. आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, "गुडघा कसा आहे?" वॉचमन काकांपासून एच.ओ.डीं.पर्यंत सगळे गुडघ्याची चौकशी करायचे. खोखो कशी आहे हे कुणीच विचारलं नाही. मीही नाही. ती मेसला यायची बंद झाली. संध्याकाळी कोर्टवरून बॉलचा आवाज यायला लागला की खिडकी लावून घ्यायची. फिजिओथेरपीचे व्यायाम मात्र न चुकता करायची, त्यामुळे आम्हाला वाटलं, सगळं ठीक चाललंय.

सेमिनारसाठी वाचताना मला आणखी एक अभ्यास सापडला. 2014 साली जगभरच्या बऱ्याच अभ्यासांची बेरीज करून काढलेले आकडे होते. ए.सी.एल.च्या ऑपरेशननंतर 81 टक्के लोक कुठला ना कुठला खेळ खेळायला लागतात. पण आधीच्या पातळीवर 65 टक्केच पोहोचतात आणि स्पर्धेत पुन्हा उतरतात ते फक्त 55 टक्के. गुडघा बरा होऊनही लोक का परतत नाहीत? पुन्हा तुटेल ही भीती हे त्याचं एक मोठं कारण. ही भीती मोजायची बारा प्रश्नांची एक प्रश्नावलीसुद्धा ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 साली केलेली आहे.

एका रात्री मी ती प्रश्नावली प्रिंट काढून आणली आणि मराठीत करून तिला विचारायला लागले. सेमिनारला 'डेटा' मिळेल हा माझा स्वार्थ, खोटं कशाला बोलू! पुन्हा दुखापत होईल अशी धास्ती वाटते का, गुडघ्यावर भरवसा वाटतो का, असे प्रश्न. चौथ्या-पाचव्या प्रश्नाला तिने कागद माझ्या हातातून काढून घेतला आणि रडायला लागली. सहा महिन्यांत ती माझ्यासमोर पहिल्यांदा रडली. म्हणाली, "हे तुला कागदावर छापून मिळाल्यावर विचारावंसं वाटलं?"

मी गप्प.

मग म्हणाली, "त्या रात्री मी बाहेर बसू का विचारलं होतं ना, तेव्हा गुडघा फार दुखत नव्हता. मला भीती वाटत होती. पण भीती वाटते असं कॅप्टनला कसं सांगायचं? तू कुंबळेचं सांगितलंस. मग मी हसले."

मी तिची माफी मागितली. खूप उशिरा मागितली, पण मागितली. ती लगेच 'असू दे गं' म्हणाली नाही. आणि ते बरंच झालं, नाहीतर मी विसरून गेले असते.

कुंबळेवर माझा राग नाही हं! तो त्याचा निर्णय होता, त्याने स्वतः घेतलेला. मी मात्र दुसरीच्या गुडघ्यावर शौर्य गाजवत होते. आपल्याकडे दुखणं लपवून खेळणाऱ्याला टाळ्या मिळतात, थांबणाऱ्याला टोमणे. 2021 साली टोकियो ऑलिंपिकमध्ये सिमोन बाईल्सला हवेत असताना आपण कुठे आहोत याचं भान राहीना, म्हणून तिने टीम फायनल अर्ध्यावर सोडली. किती लोकांनी तिला पळपुटी म्हटलं! तीच बाईल्स 2024 साली पॅरिसला तीन सुवर्ण आणि एक रौप्य घेऊन गेली. आणि नुसतं हरल्यावरच मन ढासळतं असंही नाही. 2008 साली बीजिंगला सुवर्णपदक जिंकल्यावर आलेल्या पोकळीबद्दल आणि नैराश्याबद्दल आपला अभिनव बिंद्रा किती मोकळेपणाने बोललाय.

ऑलिंपिक समितीने 2019 साली खेळाडूंच्या मानसिक आरोग्यावर तज्ज्ञांचं एकमताचं निवेदन काढलं. त्यानंतर डॉक्टरांसाठी तपासणीचं एक साधन तयार झालं आणि कोच, घरचे, खेळाडू यांच्यासाठी वेगळं साधं साधनही. त्याचा साधा अर्थ असा की लक्षण ओळखायला डिग्री लागत नाही. झोप उडाली, जेवण कमी झालं, माणसांत यायचं बंद झालं, चिडचिड वाढली, हे रूमपार्टनरला दिसतंच. दिसलं तर विचारायचं आणि जाणकाराकडे न्यायचं. माझ्या दोन फुटांवर खिडकी बंद होत होती आणि मी ऑस्लोचे पेपर वाचत बसले होते!

आमच्या कॉलेजच्या कौन्सेलर मॅडमकडे मी खोखोला घेऊन गेले. पहिल्यांदा दाराबाहेर दोघी पंधरा मिनिटं नुसत्या उभ्या होतो, कोण बघेल म्हणून. आता ती एकटी जाते. कुणाला असं समोर जायला संकोच वाटत असेल तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाईन आहे, 14416. फुकट आहे.

आता आमच्या कोर्टवर काय चाललंय ते सांगून थांबते. सकाळी साडेसहाला आम्ही वीस मिनिटांचा वॉर्मअप करतो. हळू पळणं, प्लँक, एका पायावर उभं राहून बॉल फेकणं, गुडघ्यांवर बसून पाठ सरळ ठेवून सावकाश पुढे झुकणं (हे दिसतं सोपं, करून बघा, मांडीचा मागचा भाग दोन दिवस तुमच्याशी बोलणार नाही), आणि उडी मारून उतरणं. सुरुवातीला मुलांची टीम बाजूला उभी राहून हसायची. त्यांच्या दोघांचे घोटे मुरगळल्यावर आता तेही रांगेत असतात. स्पोर्ट्सच्या सरांनी जिमखान्यात दुखापतींची वही ठेवली. पहिली पायरी तरी चढलो.

टीमचा एक नियम केलाय. मॅचच्या आधी प्रत्येकीला सर एकटीला बोलावून विचारतात, काही दुखतंय का, झोप झाली का, खेळावंसं वाटतंय का. कॅप्टनने मध्ये बोलायचं नाही. 'नाही' म्हणणारीला कारण विचारायचं नाही.

खोखोच्या ऑपरेशनला आता नऊ महिने होत आलेत. ऑस्लो आणि अमेरिकेतल्या डेलावेअरच्या संशोधकांनी 2016 साली दाखवलं की नवव्या महिन्यापर्यंत खेळात परतणं जितके महिने लांबवाल, तितका दर महिन्याला पुन्हा दुखापतीचा धोका जवळजवळ निम्म्याने कमी होतो, आणि ताकदीच्या व उड्यांच्या चाचण्या पास होऊन परतणाऱ्यांना धोका आणखी खूपच कमी. तिची उजव्या मांडीची ताकद अजून डाव्याइतकी नाही. म्हणून यावर्षीच्या झोनलला ती खेळणार नाही. हे तिने स्वतः ठरवलं, सरांना स्वतः सांगितलं. पुढच्या वर्षी खेळेल की नाही, तेही अजून सांगत नाही. मीही विचारत नाही. सकाळी मात्र शिट्टी तिच्याच हातात असते. "गुडघा बोटांच्या रेषेत!" असं ओरडते तेव्हा मोटर रूमपर्यंत ऐकू जातं.

हा लेख लिहून झाल्यावर आधी तिला वाचायला दिला. तिने लाल पेनाने सतरा ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि खाली लिहिलं, 'ठीक आहे, छाप.'

तुमच्या खोलीत कुणी बरेच दिवस खिडकी लावून बसलं असेल तर आज जेवायच्या आधी विचारा. कागद नको, पेन नको. नुसतं विचारा आणि मग थोडा वेळ गप्प बसा. आणि सकाळी साडेसहाला कोर्टवर या, जागा भरपूर आहे.